आई आल्यावर मटण

"मीठ जास्त झालंय," आई म्हणाली.

एकच घास घेतला होता तिनं. चमचा ताटात ठेवून ती पाणी प्यायली आणि ताट दोन बोटांनी जरा पुढं सरकवलं.

पप्पांनी स्वतःच्या ताटातलं पुन्हा चाखून पाहिलं. "मला तर बरोबर लागतंय की."

"तुम्हाला सवय झालीय."

त्या संध्याकाळी मी चकोल्या केल्या होत्या. तुरीच्या वरणात कणकेचे तुकडे सोडून शिजवायचे, वरून तूप. एका पातेल्यात सगळं जेवण होतं आणि लहान मुलं कुरकुर न करता खातात. आई दोन वर्षांनी मस्कतहून मिरजेला घरी आली होती. तिचं घरातलं पहिलं जेवण माझ्या हातचं असावं म्हणून मी त्या दिवशी शाळेत गेले नव्हते. तेरा वर्षांची होते मी.

"आई, ताई सगळं भारी करते," माझा भाऊ विनीत म्हणाला. तो नऊ वर्षांचा होता आणि तोंडात घास असताना बोलायची त्याची खोड काही गेली नव्हती. "तिचं थालीपीठ खा तू. त्यात दुधी असतो, पण कळतच नाही."

"कळत नाही, मग तुला कसं माहीत?" आईनं विचारलं.

पप्पा हसले. विनीतही हसला. आई हसली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं. मागं माझी धाकटी बहीण करू बसली होती, माझ्या पाठीला पाठ लावून, ताट मांडीवर घेऊन. आई गेली तेव्हा करू तीन वर्षांची होती. घरी आल्यापासून आईनं तिला दोनदा उचलून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा करूनं अंग ताठ करून खाली उतरायला लावलं होतं.

मी आईचं ताट उचललं. त्यातलं सगळं तसंच होतं. मोरीपाशी जाऊन मी त्यातली एक चकोली तोंडात टाकली. मीठ बरोबर होतं.

आई नर्स होती. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं नोकरी केल्यावर तिला मस्कतला जागा मिळाली. पप्पा छापखान्यात कामाला होते. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि पप्पांनी घेतलेल्या प्लॉटवर नुसतं गवत वाढत होतं. दोन वर्षं जायचं, भिंती उभ्या राहिल्या की परत यायचं, असं ठरलं. आमच्याकडं बघायला रूथआत्या, पप्पांची थोरली बहीण, रोज संध्याकाळी यायची होती.

आत्या आली, पण थोडेच दिवस. मग तिच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि ती तिकडं अडकली. त्या दिवशी संध्याकाळी पप्पा कामावरून आले, हातपाय धुतले, पेपर घेऊन बसले. करू भुकेनं रडत होती. पप्पांनी पेपर खाली केला आणि अगदी मायेनं म्हणाले, "सुवी, काहीतरी कर की बाळा."

मी उप्पीट केलं. ते खालून लागलं आणि वरून कच्चं राहिलं. पप्पांनी ते सगळं खाल्लं. मला ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास."

त्या एका शब्दावर मी दोन वर्षं स्वयंपाक केला.

शेजारच्या खाडेकाकूंच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी बघून बघून शिकले. शाळेतून आले की कुकर लावायचा. मुगाची खिचडी, झुणका, टोमॅटोचं सार आणि भात, शिळ्या पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी. विनीत भाजी बघितली की तोंड फिरवायचा, म्हणून दुधी किसून थालिपीठात, गाजर किसून पराठ्यात. करूला खिचडी चमच्यानं दाबून मऊ करून लागायची आणि मध्ये तुपाचं तळं पाहिजे. तळं फुटलं की ती जेवायची थांबायची. मग मी दुसरं तळं करायची. पप्पांनी त्या दोन वर्षांत एकदाही गॅस पेटवला नाही. वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्या मनातच ते आलं नाही.

मटण मात्र घरात शिजलं नाही. आई होती तेव्हा दर रविवारी चर्चहून आलं की मटण व्हायचं. ते मला जमणार नाही, असं पप्पांनीच ठरवून टाकलं. रविवारी कुणाच्या घरातून वास आला आणि विनीतनं नाक वर केलं की पप्पा म्हणायचे, "आई आल्यावर मटण." हे इतक्या वेळा झालं की एकदा बूथवरून फोन लावल्यावर करूनं रिसीव्हर धरून विचारलं, "मटण कधी येणार?" तिकडून आई खूप वेळ हसत होती. निदान मला तरी ते हसणंच वाटलं.

आता आई आली होती. तिच्या बॅगेतून खजूर निघाले, विनीतसाठी घड्याळ, माझ्यासाठी गुलाबी फ्रॉक. तो मला काखेत घट्ट होत होता. दोन वर्षं संपली होती. माझ्या समजुतीप्रमाणं आता सगळं पुन्हा पूर्वीसारखं होणार होतं. तिला परत जायचं आहे वगैरे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण पूर्वीसारखं काही होईना. मला वाटलं होतं, आई स्वयंपाकघर हातात घेईल आणि मी पुस्तक घेऊन बाहेर बसेन. तसं न करता तिनं मलाच करायला लावलं आणि रोज माझ्या जेवणात खोट काढली. आमटी पातळ. भाकरीला पदर नाही. खिचडीचा गिचका. एकदा तर पप्पांसमोर तिनं विनीतच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "बघा, केवढंसं झालंय पोरगं. हाडं लागतात हाताला."

"तो पहिल्यापासून तसाच आहे," पप्पा म्हणाले.

"मी होते तेव्हा नव्हता."

रविवारी तिनं मटण केलं. चर्चमधून येतानाच पप्पांनी आणलं होतं. सगळी आळी दरवळली. विनीत तर ताट घेऊन आधीच बसला. आईनं करूच्या ताटात निवडून मऊ तुकडे वाढले, रस्सा भातावर घातला आणि स्वतः तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"आ कर, राणी."

करूनं एक घास घेतला आणि तिचा चेहरा लाल झाला. तिनं कधी तिखट खाल्लंच नव्हतं. तोंडातलं ताटात टाकून ती रडायला लागली. आईनं तुकडा पाण्यात धुतला, दुसऱ्यांदा तिच्या ओठाला लावला. करूनं हातानं तो उडवला.

"ताईची खिचडी!" ती ओरडायला लागली. "मला ताईची खिचडी!"

"असू दे गं, लहान आहे," पप्पा म्हणाले. "सुवी, टाक जरा कुकर. पाच मिनिटांचं काम."

मी उठले. डाळ-तांदूळ धुतले. आई दारात येऊन उभी राहिली. खिचडी झाली, मी दाबून मऊ केली, तळं केलं, करूला भरवलं. ती हुंदके देत देत सगळी जेवली. आई तेवढा वेळ तिथंच उभी होती. तिच्या हाताला मटणाचा रस्सा तसाच वाळला होता.

"तुला कुणी सांगितलं होतं गं एवढं शिकायला?" ती म्हणाली.

"पप्पांनी," मी म्हणाले.

तीनचार दिवसांनी दुपारी मी शाळेतून आले तर दोघं आतल्या खोलीत बोलत होती. पप्पा सहसा दुपारी घरी नसायचे. दप्तर ठेवता ठेवता आईचा आवाज माझ्या कानावर पडला. "तिच्या हातचं खाऊन पोरं आजारी पडतील माझी. काही येत नाही तिला. अर्धं कच्चं, अर्धं खारट. तुम्हाला कसं दिसत नाही?"

"कुठं कच्चं आहे, एस्तर?" पप्पांचा आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीत. "उगीच काहीही बोलू नकोस. असं कर, रूथताईला आणि भावोजींना गुरुवारी जेवायला बोलावतो. मोठी माणसं आहेत. ती म्हणतील तसं."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आई माझ्याबद्दल असं बोलेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गुरुवारी आत्या आणि तिचे यजमान दाविदकाका येणार होते ते माझा स्वयंपाक बघायला, असाच मी त्या बोलण्याचा अर्थ लावला. ठीक आहे, मी मनात म्हणाले. बघू दे.

गुरुवारी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. मी मसूर भिजत घातलेले उपसत होते. अख्खा मसूर करायचा ठरवला होता मी. आमच्या भागात मटण नसेल त्या दिवशी लोक तो मटणासारखाच झणझणीत करतात. आईनं दार लोटून घेतलं.

"सुवी, ऐक माझं. आज जेवण चांगलं झालं नाही तरी चालेल."

"का?"

"चालेल म्हणून सांगते ना. करपलं तर करपू दे. कुणी काही बोलणार नाही तुला. मी आहे."

"माझं करपत नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे गं." तिनं माझं मनगट धरलं. "नाही करपत तुझं. पण आज…"

दार ढकलून करू आत आली आणि माझ्या फ्रॉकला लोंबकळली. आईनं माझा हात सोडला. ती करूकडं बघत राहिली आणि बाहेर गेली.

माझ्या डोक्यात नुसती तिडीक उठली. म्हणजे हिला आधीच वाटतंय की माझं करपणार. लोकांसमोर मला झाकून घ्यायला निघाली आहे. मी कांदा लालसर होईपर्यंत हातातला चमचा थांबवला नाही. खोबरं भाजलं, लसूण ठेचला. मसूर शिजला तसा करूसाठी आणि विनीतसाठी आधी बाजूला काढला, त्यात गूळ आणि तूप घातलं, मग मोठ्यांच्या पातेल्यात कांदा-लसणाची चटणी सोडली. भाकऱ्या थापल्या. एकही फाटली नाही. काकडी चोचवून दह्यात घातली. इतकं मन लावून मी त्याआधी कधी काही केलं नव्हतं आणि नंतरही केलं असं वाटत नाही.

आत्या आणि काका दिवेलागणीला आले. दाविदकाका चर्चच्या कमिटीवर होते. आमच्या कुटुंबात कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, सगळं त्यांच्या शब्दावर ठरायचं. पंगत बसली. मी वाढायला होते. आई पण वाढायला उठली तर आत्यानं तिला हाताला धरून बसवलं. "बस गं. महिनाभर पाहुणी तू. पोरीच्या हातचं खा."

काकांनी भाकरीचा तुकडा मोडून मसुरात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मान वर केली नाही त्यांनी. पहिली भाकरी संपवूनच बोलले.

"कुणी केलंय हे?"

"सुवीनं," पप्पा म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. रोज तीच करते."

"अरे, मग मटण कशाला पाहिजे माणसाला?" काका म्हणाले आणि आत्या मोठ्यानं हसली. "वाढ गं पोरी अजून."

करू आणि विनीत शेजारी शेजारी बसले होते. करूनं आपली वाटी पुसून खाल्ली आणि वाटी डोक्यावर उपडी घालून दाखवली. सगळे पुन्हा हसले. आत्या म्हणाली, "बघ एस्तर, कशी गुटगुटीत आहेत दोघं. तू उगीच जिवाला घोर लावून घेतेस."

"मी दुसरं काय सांगत होतो इतके दिवस?" पप्पा म्हणाले.

मी आईकडं बघत होते. मला फक्त तिचंच ऐकायचं होतं. तिच्या ताटातली भाकरी अर्धी झाली होती. तिनं हातातला घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि मान हलवली.

"होय," ती म्हणाली. "चांगलं झालंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी भाकरी आणायला आत पळाले. गॅसपाशी उभी राहून मी फ्रॉकच्या बाहीनं तोंड पुसलं आणि हसले. जिंकले होते मी.

जेवणं झाल्यावर काकांनी सगळ्यांना उभं केलं. आम्ही डोळे मिटले. काकांनी अन्नासाठी देवाचे आभार मानले, घरासाठी मानले, माझं नाव घेऊन या पोरीचे हात आशीर्वादित कर म्हणाले. माझी छाती भरून आली. मग त्यांचा आवाज जरा चढला.

"आणि प्रभू, तुझी दासी एस्तर पुन्हा परमुलखी निघाली आहे. पुढची दोन वर्षं तिला सांभाळ. लेकरांची चिंता तू तिच्या मनातून आज काढून टाकली आहेस…"

मी डोळे उघडले. पप्पांचे मिटलेले होते. आत्याचे, विनीतचे, सगळ्यांचे मिटलेले. फक्त आईचे उघडे होते. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. मला आजही त्या नजरेला नाव देता येत नाही. मग तिनं डोळे मिटले आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मी पप्पांना विचारलं, "आई परत जाणार?"

"दोनच वर्षं," पप्पा म्हणाले. "स्लॅब पडला की झालं. तू आहेस की आता."

महिनाअखेरीला आई गेली. सांगलीच्या स्टँडवर विनीत तिच्या कमरेला मिठी मारून रडला. मी बॅगा चढवल्या. करू माझ्या कडेवर होती. तिनं शहाण्यासारखा हात हलवून टाटा केला.

स्लॅब पडला. मग वरचा मजला काढायचं ठरलं. मग विनीतचं इंजिनिअरिंग. आई दर दोन वर्षांनी महिनाभर यायची. माझ्या जेवणाला तिनं पुन्हा कधी नाव ठेवलं नाही. जे वाढीन ते खायची आणि आपलं ताट आपण धुऊन ठेवायची. अकरा वर्षं अशी गेली. दहावीला मी जेमतेम पास झाले. कॉलेजात नाव घातलं, पण संध्याकाळी कुकर लावायला घरी यावंच लागायचं. पुढं माझं लग्न झालं आणि मी नगरला गेले. आई कायमची परत आली ती त्यानंतर. म्हणजे मी त्या घरातून निघाले आणि मगच ती आली.

मुलगा सहा महिन्यांचा असताना मी माहेरी राहायला गेले होते. दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. पप्पा झोपले होते. करू कॉलेजला गेली होती. ती आईशी बोलायची, पण घरमालकिणीशी बोलावं तसं. सकाळी निघताना तिनं डबा काय करायचा ते मला विचारलं होतं, आई शेजारी उभी असताना.

"ही अशी कधीपासून झाली तुझ्याशी?" मी विचारलं.

"कधी होती वेगळी?" आई म्हणाली. तिनं मेथीची काडी मोडली. "तुला सांगितलं होतं मी. करपू दे म्हणून."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. हातातली जुडी खाली ठेवली मी.

"मला वाटलं, तू मला नावं ठेवतेस."

"नावंच ठेवत होते. दुसरं काय होतं माझ्या हातात? मला जायचं नव्हतं, सुवी. पत्र्याचं छप्पर चाललं असतं मला. तुझ्या पप्पांना रोज सांगत होते. ते म्हणायचे, अडचण काय आहे? पोरं नीट जेवतात. मग मी म्हणायला लागले, नाही जेवत नीट. त्या दिवशी भात जरी लागला असता, तरी भावोजी म्हणाले असते, नको जाऊस."

"मग मला सरळ का नाही सांगितलंस?"

"तू पप्पांना विचारलं असतंस. प्रत्येक गोष्ट विचारायचीस तेव्हा."

ते खरं होतं.

"माझा राग आला होता तुला?" मी विचारलं.

"होता," आई म्हणाली. "बरीच वर्षं होता. तेरा वर्षांची पोर तू, कळायचं, पण जायचा नाही. तिकडं मेसमध्ये जेवायला बसले की तुझा तो मसूर आठवायचा आणि घास उतरायचा नाही."

"मलाही होता," मी म्हणाले. "तुझा."

तिनं मान हलवली, जणू ते तिला माहीतच होतं. आत मुलगा उठला आणि मी त्याला घ्यायला गेले. परत आले तेव्हा तिनं मेथी निवडून संपवली होती. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तीन वर्षांनी करूचं लग्न झालं. आमच्याच चर्चमध्ये. आई पहिल्या बाकावर बसली होती, मोरपंखी रेशमी साडी नेसून. त्या लग्नाचा बहुतेक सगळा खर्च तिच्याच मस्कतच्या नोकरीतून उभा राहिला होता आणि पप्पा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होते. मी आईच्या शेजारी होते. वचनं झाली, अंगठ्या झाल्या. मग पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आता नवऱ्या मुलीच्या आणि नवऱ्या मुलाच्या आईनं पुढं यावं. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू."

मुलाची आई उठून पुढं गेली. माझ्या शेजारी आईनं पर्स बाकावर ठेवली आणि ती उठायला लागली.

तेवढ्यात करू वळली. डोक्यावरची जाळी सावरून तिनं आमच्या बाकाकडं पाहिलं आणि हात पुढं केला. "ताई," ती म्हणाली. "ये ना."

तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतंच. पाळकसाहेब गोंधळून हसले. मी जागची हलले नाही. आई अर्धी उठलेली होती. तिनं निऱ्यांना हात लावला, साडी सारखी करायलाच उठल्यासारखं करून त्या दोनदा झटकल्या आणि परत खाली बसली.

"जा," ती समोर बघत म्हणाली. "तुला बोलावलंय."

मी गेले.